चौऱ्याऐंशी बांगडे, साठ सौंदाळे

२ डिसेंबर २०२४, सोमवार

आज दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी सत्यवान मास्तरांनी संचिताच्या पेपरावर लाल शाईने भोपळा काढला. तीन गुणांच्या प्रश्नाला भोपळा! शेजारच्या बाबली रापणकाराची ही मुलगी. शाळा सुटल्यावर थेट माझ्या ओसरीवर आली. "आजये, माका भोपळो गावलो." रडली नाही. रडकुंडीला मीच आले.

प्रश्न असा — ८४ बांगडे, ६० सौंदाळे. एकही मासा न उरता जास्तीत जास्त किती सारखे वाटे होतील? म्हणजे मसावि काढायचा. हिने काढला. ८४ ला ६० ने भागलं, उरले २४. ६० ला २४ ने, उरले १२. २४ ला १२ ने, बाकी शून्य. मसावि १२. वाट्याला सात बांगडे, पाच सौंदाळे. सुरेख! आणि त्याखाली काय लिहिलं? "एक वाटा देवाचा. उत्तर ११."

बापाच्या रापणीत, किनाऱ्यावर ओढायच्या त्या मोठ्या जाळ्यात, आलेल्या माशांचे वाळूवर वाटे पडतात तेव्हा देवाचा आधी बाजूला निघतो, मग माणसांचे. जन्मापासून तेच बघणारी पोर दुसरं काय लिहिणार?

३ डिसेंबर, मंगळवार

शाळेत जाऊन आले. मास्तर म्हणतात, "गणितात देव आणू नका, बाई." म्हटलं, "मग तुम्ही मासे कशाला आणलेत?" गुण मात्र दिले नाहीत. रीतीचे दोनसुद्धा नाहीत.

सावंतवाडीच्या गणित स्पर्धेला वर्गातून एकच जाणार. ओंकारला साडेबावीस, हिला वीस. हे तीन मिळाले तर हीच जाते. मुख्याध्यापकांना पत्र लिहिते. तीनही गुण मागणार!

४ डिसेंबर

संचिताच्या आईने, शेवंतीने, कोळंबी आणून दिली. "काकी, आमच्यासाठी शाळेत कोण भांडाक जाता?"

कोणी कोणाचे उपकार मानायचे! कॉन्व्हेंटात सिस्टरने हातावर पट्टी मारून माझ्याकडून मसावि घोकून घेतला. पाठ झाला, कळला नाही. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले तरी नाही. गेल्या पावसाळ्यात या पोरीने माझ्या ओसरीवर शिंपल्या आणि सुपाऱ्या मांडल्या. "बघ आजये, एकय उराक नको, आणि वाटे जास्तीत जास्त." सत्तरीला डोक्यात उजेड पडला!

हे गेल्यापासून संध्याकाळी या घरात बोलणं ऐकू येतं ते तिचंच. देवा, तुझे आभार. मनापासून.

५ डिसेंबर

पत्र झालं. झणझणीत झालंय!

६ डिसेंबर, शुक्रवार

संचिताला पत्र वाचून दाखवलं. म्हणाली, "तीन नको. दोनच माग."

म्हटलं, "अगो, दोनांनी ओंकार पुढे राहतो!"

"रवांदे. उत्तर चुकला ता चुकला. प्रश्नात देव खंय आसा? पण रीत माजी बरोबर आसा. तेचे दोन माका होये."

पत्र फाडलं. नवं लिहिलं — रीतीचे दोन गुण. तीन नकोत. लेखी उत्तर द्यावे, सोमवार, ९ डिसेंबर, दुपारी चारच्या आत.