‘फायर फोर्ट’च्या खोक्यावरची सही

मुलुंड (पूर्व),
६ जानेवारी २०२५

ती. भीमराजकाका,

मनालीचा सप्रेम जय भीम. फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनाने जुळवता, म्हणून पत्र लिहिते आहे. सावकाश वाचा आणि उत्तरही लिहूनच पाठवा.

इथल्या वाचनालयाच्या हॉलमध्ये दोन फेब्रुवारीच्या रविवारी मी एक प्रदर्शन भरवते आहे. टीव्हीला जोडायचे ते जुने व्हिडिओ गेम आठवतात? त्यांच्या कॅसेटच्या खोक्यांवरच्या चित्रांचं. जपान-अमेरिकेतली खोकी आहेत, आपल्याकडची आहेत. आम्ही पोरं कॅसेट निवडायचो ती चित्र बघून. घरी येऊन लावली की पडद्यावर नायक म्हणजे चार लाल चौकोन आणि राक्षस म्हणजे सहा हिरवे. तरी कुणी तक्रार केली नाही, कारण खेळताना डोळ्यांपुढे खोक्यावरचाच माणूस असायचा. अर्धा खेळ त्या चित्रकारांनीच आमच्या डोक्यात भरून ठेवलेला असे. पण कितीतरी खोक्यांवर त्यांचं नाव कोपऱ्यातसुद्धा नाही. मला याचा फार राग येतो.

आणि परवा एका संग्राहकांकडे ‘फायर फोर्ट’चं खोकं हाती आलं. उजव्या कोपऱ्यात बारीक, वळणदार ‘भीमराज’! मी त्यांच्या घरातच ओरडले. काका, तुम्ही कधी बोलला नाहीत! आम्हाला तुम्ही दुकानांच्या पाट्या रंगवणारे एवढंच माहीत. ते चित्र मोठं करून दारासमोर लावणार आहे, खाली तुमचं नाव. पंचवीस तारखेला नावांच्या पट्ट्या छापायला जातील.

काकूंना जय भीम. तुमचा लोभ आहेच, तो कानांसारखा कमी होऊ देऊ नका.

तुमची,
मनाली


वाकोला,
१० जानेवारी

चि. मनाली,

अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. कानांवरचा विनोद तुझ्या काकूला फार आवडला. तिने तो मला दोनदा वाचून दाखवला, मोठ्याने.

प्रदर्शन जरूर कर, मी येईन. पण त्या खोक्याखाली माझं नाव घालू नकोस. जुनी गोष्ट आहे. ‘चित्रकार अज्ञात’ असं लिही आणि विषय संपव. नोकरी सांभाळून हे उद्योग करतेस, जेवणाची आबाळ करू नकोस.

माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
काका


मुलुंड,
१५ जानेवारी

ती. काका,

सप्रेम जय भीम. जेवते आहे, वजनही वाढलं आहे. पण ‘अज्ञात’ लिहिणार नाही. हे लोक अज्ञात राहिले म्हणून तर एवढी धडपड, आणि माझ्याच काकांच्या चित्राखाली तो शब्द?

ते चित्र मी रोज बघते आहे. बाकीच्या खोक्यांवर नायक तलवार उगारून उभे. तुमचा एकटाच भिंतीला हात टेकून दम खातो आहे, अनवाणी. एवढ्या खोक्यांत दमलेला नायक हा एकच. मला तो फार जवळचा वाटतो. एकच कळत नाही. किल्ल्याचा दगड लालसर, भोकाभोकांचा आहे, कोकणातल्या जांभ्यासारखा. आपण अकोल्याकडचे. तुम्हाला हा दगड कुठे भेटला?

खरं काय ते सांगा. रागावणार नाही.

तुमची हट्टी,
मनाली


वाकोला,
२० जानेवारी

चि. मनाली,

अनेक आशीर्वाद. जांभा मी तेव्हा पाहिलाही नव्हता. ते चित्र माझं नाही.

कुर्ल्याला आम्ही दोघे एका सेठकडे कामाला होतो, मी आणि सहदेव. तो मालवणकडचा, गिरणी कामगाराचा मुलगा. माणसं आणि देखावे तो काढायचा, अक्षरं मी. अक्षरं शेवटी पडतात, आणि शेवटचा ब्रश ज्याच्या हातात तो सही करतो, ही पाट्यांवरची रीत. पाटीवर अक्षरंच मोठी, म्हणून कधी कुणाला टोचलं नाही. शहाण्णव साली सेठने खोक्यांचं काम घेतलं. खेळ आम्हाला दहा मिनिटं दाखवला. सहदेव पडद्याकडे बघत म्हणाला, की एवढा चढतोय तर या चौकोनाचे पाय दुखत असतील. मी हसलो. त्याने चार दिवस बसून तो माणूस काढला. मी वर ‘फायर फोर्ट’ लिहिलं आणि सवयीने कोपऱ्यात सही केली.

खोकी छापून आली. सेठने सही वाचली आणि सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली, इतका जिवंत माणूस काढलास म्हणून. सहदेव तिथेच ब्रश धूत होता. मी गप्प राहिलो. भित्रेपणा म्हण, हाव म्हण, मला ती शाबासकी हवी होती. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. पुढे त्याच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका आली, तीही मी ट्रंकेत ठेवली. कोणत्या तोंडाने जाणार होतो?

पत्रिकेवर बोरिवलीचा पत्ता होता. आज त्याला सगळं कबूल करून लिहिलं आहे, की तुझ्या प्रदर्शनात त्या चित्राखाली त्याचं नाव लागायला हवं. त्याचं उत्तर येईपर्यंत ती एक पट्टी थांबव. उत्तर नाही आलं तरी नाव त्याचंच घाल.

माझ्याबद्दलचं तुझं मत आता बदललं असेल. तरी येत जा.

काका


बोरिवली,
२७ जानेवारी

प्रिय भीमा,

सप्रेम जय भीम. तुझं पत्र सुनेने वाचून दाखवलं, कारण माझा डावा डोळा गेला आणि उजवाही धड नाही. अर्ध्यात थांबून तिने विचारलं, की बाबा, तुम्ही चित्रं काढायचात? एवढ्या वर्षांत मीही घरात सांगितलं नव्हतं. सांगायला गेलो असतो तर तुझं नाव आलं असतं.

सहीचं मला तेव्हाही वाईट वाटलं नव्हतं. रीत मलाही ठाऊक होती. पण सेठ तुझी पाठ थोपटत होता तेव्हा तू एकदा, एकदाच, माझ्याकडे मान वळवली असतीस ना, तर मी दुसऱ्या दिवशी कामावर आलो असतो. तेवढीच वाट बघत मी तो ब्रश धूत बसलो होतो. आणि लग्नाला आला नाहीस, त्याचा राग वेगळा. मेल्या, पंगतीत तुझी जागा धरून ठेवली होती.

तुझ्या पुतणीला सांग, नाव लागू दे. पण छापील पट्टी मला नको. मशीनच्या अक्षरांना वळण नसतं. माझं नाव तू लिही, हाताने, मोठं, म्हणजे मला जवळून वाचता येईल. रविवारी सकाळी नऊला रंग-ब्रश घेऊन मुलुंडला ये, सून मला आणून सोडेल. कागद मी धरतो. आणि खाली तुझंही नाव हवं, अक्षरं तुझीच आहेत. कुणाचं आधी लिहायचं, त्यावरून तिथेच भांडू.

बाकी भेटीत.

तुझा,
सहदेव