सहावी चकती

४ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,
मामाचे भरभरून आशीर्वाद. तुझ्या स्पंजासारख्या सच्छिद्र निकेलच्या चकत्या मिळाल्या. नऊशे अंश, सहा तास, काटा एका अंशानेही हलू दिला नाही. सांगायला वाईट वाटतं, पण सगळ्यांची छिद्रं मिटली. भिंगाखाली पाहिलं तर नुसती ढेकळं.

तू सहा लिहिल्यास, निघाल्या पाच. मोजण्यात तू आईवर गेलीस. कॉलेजची पायरी न चढता एकवीस वर्षं भट्टी सांभाळतोय, नोंदवहीत खाडाखोड नाही. भट्टीपाशी मी कुणाला उभंही राहू देत नाही, म्हणून निकाल पक्का समज. खचू नकोस, जेवत जा.
तुझा,
मामा

११ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.
सहा पाठवल्या असं मला वाटत होतं, पण आता माझ्या वाटण्यावर माझाच भरवसा नाही. छिद्रांच्या आतल्या भिंतींवर चढवलेला पातळ लेप तापात ती मिटू देणार नाही, हेच तर माझं दोन वर्षांचं म्हणणं होतं. प्रयोगशाळेत सरांना तुझं पत्र दाखवलं. ते म्हणाले, महिनाअखेर विषय बंद करू. म्हणजे माझी जागाही गेली. पुन्हा तपासायचं का, असं त्यांनी विचारलं होतं. मीच नको म्हटलं. मामाने सांगितलं म्हणजे झालं, असं मी त्यांना म्हणाले.
लोभ आहेच, तो असाच राहो.
ठिणगी

२४ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,
आशीर्वाद द्यायला हात उचलवत नाही. हे पत्र चौथ्यांदा लिहितोय.

सोळा तारखेला झाडताना सहावी चकती बाकाखाली सापडली. तिच्यावर निळसर झाक होती. भट्टीवाल्याला अशी झाक म्हणजे तापाचा डाग. आलेला माल आधी सौम्य आम्लात बुडवून चकचकीत करायचा, ही माझी सवय. त्या पाचही तशाच धुतल्या होत्या. नोंद केली नाही, हात धुतल्याची कोण नोंद करतं? सहावीही धुवायला निघालो आणि खिशातलं तुझं पत्र आठवलं. लेप. मी डाग समजून तुझी दोन वर्षं धुऊन टाकली होती.

ती तशीच भट्टीत घातली. नऊशे अंश, सहा तास. बाहेर काढून दिव्यासमोर धरली तर भिंगातून पलीकडचा उजेड दिसला. सगळी छिद्रं उघडी.

त्याच संध्याकाळी कळवायला हवं होतं. आठ दिवस कळवलं नाही. शिकलेल्यांना भट्टी कळत नाही, असं तुझ्या आईला ऐकवून बसलो होतो, ते गिळायला आठ दिवस लागले. आज तिला सांगताना मान वर झाली नाही. ती तुझ्याकडे यायला पिशवी भरायला लागली. पत्र आणि चकती तिच्याच हाती देतोय, म्हणजे महिनाअखेरीच्या आत पोचेल. सरांना हे जसंच्या तसं दाखव. माझी लाज राखायला एकही शब्द गाळू नकोस.
मामा

१ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.
सरांनी पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, मामांनी त्या पाच ठेवल्यात का? लेपाविना त्याच भट्टीत काय होतं, हे दाखवायला नेमक्या त्याच हव्यात. तीन महिने वाढवून मिळाले. नव्या सहा पाठवतेय. आईने तीनदा मोजल्या आणि तुला मुद्दाम कळवायला सांगितलंय.

चुकीचा राग नाही आला, आठ दिवसांचा आला. त्या आठ दिवसांत मी टेबल रिकामं केलं, वह्या रद्दीत घातल्या. हे लिहिलं नाही तर मनात राहील, म्हणून लिहिलं. नोंदवहीचं ते पान मात्र हवंय.
ठिणगी

६ मार्च

चि. ठिणगीस,
पान सोबत आहे, जपून ठेवलेल्या त्या पाच चकत्याही. तीन फेब्रुवारीच्या ओळीवर लाल शाईत लिहिलंय: भट्टीआधी आम्लात धुतल्या, न विचारता. खाली सही केलीय. वहीतली ही पहिली खाडाखोड.

नव्या सहाही चकत्या पोचल्या. खोकं उघडलेलं नाही. तू येऊन उघड आणि तूच भट्टीत ठेव. काट्यासमोर दुसरं स्टूल आणून ठेवलंय.
वाट पाहतोय.
मामा