मार्चपासूनची जागा

३ फेब्रुवारी, सोमवार

दांडगोबाची अनामत आज परत केली. त्याची आई दारातच उभी. "पूर्ण?" — "मग काय अर्धी द्यायची होती?" तिने पाकीट उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. पैसे बुडाले तर लोक चार शिव्या घालून गप्प बसतात. परत मिळाले की मात्र संशय येतो!

दांडगोबा आता शाळेत जाणार. इतके दिवस माझ्या घरात वाढला, पण जाताना मागे वळून बघितलंसुद्धा नाही. चपला हातात घेऊन पळाला. छान! मला रडारड नकोच असते.

नियम साधा आहे, पाळणाघराच्या दारामागे लावलेला आहे. दोन महिन्यांची फी आधी अनामत म्हणून ठेवायची. मूल काढायचं तर महिनाभर आधी सांगायचं. सांगितलं की अनामत परत, पै न् पै. ती रक्कम मी वेगळ्या खात्यात ठेवते. गेल्या वर्षी छत गळत होतं, तेव्हाही तिला हात लावला नाही. हे म्हणाले होते, "बादल्या मी सरकवीन, तू अनामत कोरडी ठेव." निवृत्त झाल्यापासून ह्यांना विनोद फार सुचतात.

तर एक जागा रिकामी आहे. फार दिवस राहणार नाही.

४ फेब्रुवारी

नाहीच राहिली. सकाळीच एक वडील हजर. गळ्यात टाय, हातात दोन फोन.

"मॅडम, ते डिपॉझिट शेवटच्या दोन महिन्यांत वळतं करून घ्या ना."

म्हटलं, मग ते डिपॉझिट कसलं? ती आगाऊ फी झाली.

"बरं, निम्मं आत्ता, निम्मं पुढच्या महिन्यात?"

"मुलगा निम्मा येणार आहे का?"

हसला. पण खिशात हात घातला नाही. विचार करून सांगतो म्हणाला. करा विचार.

मदतनीस बाई नंतर म्हणाली, "फार तोडून बोलता तुम्ही. गिऱ्हाईक पळेल अशानं." पळू दे. अर्थशास्त्र घेऊन पदवी मिळवली त्याला आता युगं लोटली. त्यातलं एवढंच लक्षात राहिलं आहे, की ज्याला पहिल्याच दिवशी घासाघीस करायची असते, तो दर महिन्याला करतो.

६ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी मुलं झोपलेली. बेल वाजली — त्या वेळेला बेल वाजवणाऱ्याचा मला राग येतो. दार उघडते तर एक आजीबाई. केस चापून बसवलेले, पाठ ताठ. बोटाला चारेक वर्षांची नात. ती गाल फुगवून काहीतरी चघळत होती. मनातल्या मनात नाव ठेवून टाकलं: खारूताई.

नमस्कार-चमत्कार नाही, सरळ आत आल्या. "शेगडीच्या बटणापर्यंत मुलांचा हात पोचतो का? दाराला वरची कडी आहे का? न्हाणीघरात पाणी भरून ठेवता का? तुम्ही तिकडे असलात आणि इकडे पोर उठलं तर कोण बघतं?"

मी एकेक दाखवत गेले. इतक्या वर्षांत असं कोणी विचारलं नव्हतं. लोक विचारतात — इंग्रजी गाणी शिकवता का, फोटो पाठवता का. कडी कोणाला दिसतच नाही!

मग मुद्द्यावर आल्या. नात दिवसभर त्यांच्यापाशी असते. मुलगा आणि सून दोघं नोकरीवर. सून चौकातल्या औषधांच्या दुकानात. एक मार्चपासून नातीला माझ्याकडे ठेवायचं आहे.

"आईवडील का नाही आले?"

"मी सांगितलं की येतील."

"म्हणजे त्यांना ठाऊकच नाही?"

"पैसे माझ्या पेन्शनचे आहेत. उभा जन्म कचेरीत टाइपरायटर बडवून मिळवलेले. तुम्हाला हरकत काय?"

म्हटलं, आईवडिलांची सही असल्याशिवाय मी मूल घेत नाही.

"मूल कुठे घेताय? मूल एक तारखेला. आज नुसती जागा धरताय."

कारण विचारलं, तर "थकले" म्हणाल्या. थकलेलं माणूस इतकं ताठ बसत नाही. सासू-सुनेचं बिनसलं असणार, दुसरं काय! पण ज्या बाईने वरची कडी बघितली, तिला नाही म्हणवेना. पैसे घेतले, पावती दिली. खारूताईने तेवढ्यात आमच्या तीन चपला जोडीने लावल्या. चौथी सापडली नाही म्हणून मला रागावली.

ह्यांना सांगितलं. "नियम माहेरी गेले वाटतं?"

"जेवा."

७ फेब्रुवारी

टायवाल्याचा फोन. विचार झाला, पूर्ण देतो. म्हटलं, जागा गेली. "पण पहिला मी आलो होतो!" — "आला होतात. दिले नव्हते."

१० फेब्रुवारी, सोमवार

आजीबाई पुन्हा आल्या. सोबत खारूताई. मला वाटलं, वेळेबिळेचं काही विचारायचं असेल.

"शेगडीच्या बटणापर्यंत मुलांचा हात पोचतो का?"

मला वाटलं, थट्टा चालली आहे. मग कडी. मग न्हाणीघर. त्याच क्रमाने. मग पिशवीतून पाकीट काढलं. "एक मार्चपासून नातीला ठेवायचं आहे. तुमची अनामत किती?"

मी सांगून टाकलं, "अहो, तुम्ही गुरुवारी भरलीत. पावती दिली मी."

पाकीट हातातून निसटता निसटता राहिलं. मग हनुवटी वर. "ठाऊक आहे मला. बघत होते, दोनदा घेता का ते."

"मग?"

"पास झालात." पाकीट पिशवीत, नात बोटाला, चालायला लागल्या.

दुपारभर मी धुमसत होते. या वयात कोणी माझी परीक्षा घ्यावी! आणि तीसुद्धा पैशाच्या बाबतीत! ह्यांना इतकं हसू आलं की चष्मा काढून पुसावा लागला. "किती मार्क मिळाले ते तरी विचारायचंस."

संध्याकाळी मुलं गेल्यावर पांघरुणांच्या घड्या घालत होते, तेव्हा मध्येच हात थांबला. परीक्षा घेणारा माणूस बरोबर उत्तर ऐकून दचकत नाही. त्या दचकल्या होत्या.

११ फेब्रुवारी

त्यांच्या घरी शेगडीचं बटण कोण बघतं?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

दुपारी बेल. आजीबाई. हातात पाकीट. एकट्या.

"नात कुठे आहे?"

त्यांनी खाली आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. बोटं अर्धवट मिटलेली होती, आत कोणाचं तरी बोट असावं तशी.

मदतनीस बाईला हाक मारली, ह्यांना मुलांपाशी बसवलं आणि निघाले. पायात कोणाच्या चपला होत्या देव जाणे. घर दोन गल्ल्या पलीकडे. रस्ता त्या अचूक दाखवत होत्या, माझ्यापुढे जवळजवळ धावत होत्या. कोपऱ्यावरून टेम्पो वळत होते. प्रत्येक टेम्पोपुढे मला ती फुगलेल्या गालांची पोर दिसत होती.

घराचं दार सताड उघडं.

आतल्या खोलीत, जमिनीवरच्या गादीवर, खारूताई गाढ झोपली होती. तोंड उघडं, एक पाय उशीवर. मी शेगडी बघितली. बंद होती. पाणी प्यायले.

आजीबाई उंबरठ्यावर बसल्या. आज पहिल्यांदा पाठ वाकलेली दिसली.

"सांगू नका," म्हणाल्या.

"सुनेला?"

"कोणालाच. एक तारीख येऊ द्या. मी माझ्या हाताने पोरीला तुमच्याकडे पोचवीन. घरी सांगेन, मला कंटाळा आला पोरीचा, मला जमत नाही. चिडतील. चिडू देत. पण कीव करायला लागतील ना, ते नको. सून भली आहे हो माझी. ती तर रोज करील."

म्हणजे सासू-सुनेचं बिनसलं नव्हतंच! मी आपली सवयीने ठरवून मोकळी.

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"तो काय सांगणार ते मला ठाऊक आहे. विसरतेय, हे अजून आठवतंय. ते आठवतंय तोवर सगळं लावून ठेवायचं आहे."

जवळ बसावं, हात धरावा असं वाटलं. तसलं मला जमत नाही. म्हटलं, "एक तारीख लांब आहे. दार आज उघडं होतं. रविवारपर्यंत तुम्ही घरात सांगा. नाही सांगितलंत तर सोमवारी मी दुकानात जाऊन तुमच्या सुनेला सांगेन. आणि तोवर दुपारी इथे एकट्या राहायचं नाही. नातीला घेऊन माझ्याकडे यायचं. मी मदतनीस बाईला आणायला पाठवीन."

"फार कडक आहात."

"हो."

"म्हणूनच तुमच्याकडे आले," म्हणाल्या, आणि नातीच्या अंगावर पांघरूण घालायला आत गेल्या.

सून यायच्या वेळेपर्यंत मी तिथेच बसले. कोपऱ्यावर तिची स्कूटर दिसली तशी मागल्या दाराने निघाले — चोरासारखी! आयुष्यात असं कधी केलं नव्हतं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दोघी आल्या. आजीबाई बुटक्या बाकावर बसून राहतील असं वाटलं होतं, पण त्या बसणाऱ्यातल्या नाहीत. पांघरुणांच्या घड्या घातल्या. माझ्या घड्या उलगडून पुन्हा घातल्या! चावऱ्या जुळ्यांना एका नजरेत गप्प केलं. ती नजर मला शिकायला हवी.

खारूताई अधूनमधून खेळ टाकून येते, आजीला हात लावते, परत जाते. आजी चार तास इकडेतिकडे कुठे गेली नाही. शांत होती.

मध्येच टायवाला आला. तीन महिन्यांची अनामत द्यायला तयार, रोख! वर म्हणतो, "जागा गेली म्हणालात, पण नवीन मूल काही दिसत नाही." आजीबाईंकडे बघून, "ह्या कोण? नवीन कामाला?"

"मी पैसे भरलेली आहे," आजीबाई म्हणाल्या. "तुम्ही?"

तो गेल्यावर मदतनीस बाई हसून हसून भिंतीला टेकली. मीही हसले. मग आठवलं की आज शुक्रवार आहे, रविवार दोनच दिवसांवर.

१५ फेब्रुवारी

आजही दोघी अर्धा दिवस होत्या. निघताना दारात विचारलं, "सांगितलंत?" — "उद्या सुट्टी आहे सगळ्यांना. उद्या." माझ्याकडे न बघता.

हे म्हणतात, थांब एक तारखेपर्यंत, एवढी त्यांची इच्छा आहे तर. दोन आठवड्यांचा प्रश्न. म्हटलं, दार उघडं राहायला दोन मिनिटं पुरतात. ह्यांनी पुढे वाद घातला नाही. पण त्यांचं म्हणणं चूक आहे असंही मला वाटत नाही. म्हातारपणी माणसाच्या हातात फार थोडं उरतं. त्यातलं एक मी सोमवारी काढून घेणार.

१६ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर वाट बघितली. कोणी आलं नाही, फोन नाही.

उद्या दुकानात जायचं. काय बोलायचं ते सकाळपासून जुळवते आहे. "तुमच्या सासूबाईंना —" इथपर्यंत येतं, पुढे येत नाही. पैशाचं बोलणं किती सोपं असतं!

१७ फेब्रुवारी, सोमवार

मुलं यायच्या आधीच सून दारात. दुकानाचा पांढरा कोट हातावर. मनात म्हटलं, सुटले! आजीबाईंनी सांगितलं शेवटी.

"काकू, मुलगी सांगत होती, आई इथे शांत बसतात म्हणून. दोघींना ठेवाल का? आईंना विसरायला होतंय. वर्ष झालं. मुलगी घरात असली की त्या सहसा बाहेर पडत नाहीत, म्हणून तिला त्यांच्यापाशी ठेवतो. त्यांना वाटतं, त्या नात सांभाळताहेत. वाटू दे. त्यांना यातलं काही कळायला नको, खचून जातील. डिपॉझिट किती ते सांगा, दोघींचं आत्ता देते."

"नातीचं भरलेलं आहे," मी म्हटलं.

"कोणी भरलं?"

"तुमच्या सासूबाईंनी. एक मार्चपासून जागा धरली आहे त्यांनी."

ती मुलांच्या बाकावर बसली.

"म्हणजे — आईंना माहीत आहे?"