आईतली ई दीर्घ

५ जुलै

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझा गुडघा कुरकुरतोय पण जीभ शाबूत आहे, हे वाचून जिवात जीव आला. माझी शाळा म्हणजे दोन खोल्या, एक नळ आणि आम्ही तिघं: हेडसर, मी, आणि चित्रकलेपासून गणितापर्यंत सगळं ओढणारे एक गुरुजी. माझ्याकडे वाचन-लेखन आणि 'आपलं घर, आपली गल्ली' हा तास आहे. सामाजिक प्रश्न म्हणे! पुस्तकातली सगळी घरं हसरी आणि सगळे बाबा झाडांना पाणी घालणारे. मुलं ती वाक्यं पोपटासारखी म्हणून दाखवतात, पण त्यातलाच एक शब्द बाजूला काढून दाखवला की कुणाला वाचता येत नाही.

म्हणून मी पुस्तक मिटलं आणि सांगितलं, की रोज एकानं आपल्या घरातलं एक खरं वाक्य फळ्यावर लिहायचं. गंमत बघ, पहिल्याच दिवशी एकानं लिहिलं, आजोबा दात पेल्यात ठेवतात! वायरमनची एक मुलगी आहे, बारीक आणि टोकदार, मी तिला टाचणी म्हणते. इतके दिवस तिला अक्षर लागत नव्हतं; आता येता-जाता दुकानांच्या पाट्या वाचते आणि मला त्यातल्या चुका सांगते. ती लिहायला लागली की इथला सगळा वैताग विसरायला होतो.

तुझा लोभ आहेच, फक्त तो गुडघ्यासारखा कुरकुरू नये.
तुझी शेंडेफळ

१४ जुलै

चि. शेंडेफळ हिस,
अनेक आशीर्वाद.

दातांचं वाक्य वाचून हसले, मग उठून माझे पेल्यातून काढून लावले. पोरांना खरं लिहायला लावतेस हे चांगलंच, पण जपून. फळ्यावरचं पुसता येतं, पोरांच्या तोंडचं नाही. मीही जन्मभर खडूच खाल्ला, मला माहीत आहे.

आणि एक. तुला चुका काढायची खोड लहानपणापासूनची. धाकट्या काकानं होणाऱ्या काकूला लिहिलेल्या पत्रातल्या वेलांट्या तू लाल पेन्सिलीनं सुधारल्या होत्यास आणि ते पत्र तसंच गेलं होतं! तेव्हा पोरांची वाक्यं वाचत जा, नुसती तपासत जाऊ नकोस.

जेवणाची आबाळ करू नकोस. म्हातारीची आठवण ठेव, म्हणजे झालं.
तुझी आत्या

२ ऑगस्ट

ती. स्व. आत्यास,
सा. न.

कसं लिहू कळत नाही. परवा टाचणीची पाळी होती. तिनं फळ्यावर लिहिलं, बाबा आइला मारतात. मागच्या बाकावर दोघांची जुंपली होती, ती सोडवून मी मान वळवली आणि मला फक्त ती इ दिसली. खडू घेऊन मी तिची ई केली. आईतली ई दीर्घ असते, बाकी वाक्य अगदी बरोबर आहे, असं सांगितलं, आणि वर शाबास म्हणून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या गं आत्या. ती माझ्याकडे बघत उभी राहिली आणि मग जागेवर जाऊन बसली.

मधल्या सुट्टीत फळा पुसायला गेले तेव्हा ते वाक्य मी वाचलं. तोवर जेवायला घरी गेलेल्या पोरांनी ते घरोघर पोचवलं होतं. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात कुणीतरी वायरमनला चारचौघांत त्यावरून टोमणा मारला. माणूस सगळ्यांना हवाहवासा, शाळेचे पंखेही त्यानं फुकट बसवून दिलेत. रात्री त्या घरात काय झालं असेल ते तू समज. दुसऱ्या दिवसापासून टाचणी शाळेत नाही.

हेडसरांनी बोलावून घेतलं. मला शिकवायला ठेवलंय, लोकांच्या घरात डोकवायला नाही, म्हणाले. तुझं पत्र उशाशीच होतं, तरी मी हे केलं. मला माझीच चीड येते.

रागावलीस तरी चालेल, पण लिही.
तुझी शेंडेफळ

९ ऑगस्ट

चि. शेंडेफळ हिस,
आशीर्वाद.

रागावणं नंतर. आधी डोळे पूस आणि तो वायरमन कामावर गेला की त्या पोरीच्या आईकडे जा. माफी मागत बसू नकोस, तिला काय हवं ते विचार. माझ्याकडची मागची खोली मोकळी आहे, हे सांग. दोघी केव्हाही आल्या तरी मी दार उघडीन.

आमची माया आहे, ती वापर.
तुझी आत्या

३० ऑगस्ट

ती. स्व. आत्यास,
सा. न.

जाऊन आले. तिनं दार हातभर उघडलं. भर उकाड्यात बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या होत्या. तुझ्या खोलीचं सांगितलं तर बिचारी हसली आणि तुला नमस्कार सांगितला. तो मागोमाग येईल आणि त्या म्हातारीलाही सोडणार नाही, म्हणाली. इतके दिवस तो दार लावून मारायचा, लोकांना भिऊन थोडक्यात आवरायचा. आता लोकांना कळलंच आहे म्हणून तेवढीही भीड उरली नाही, असं म्हणाली. त्यात मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

तिनं एकच मागितलं. पोरीला शाळेत पाठवते, पण घरचं काही लिहून घ्यायचं नाही. मी कबूल केलं. दुसरं काय करणार होते?

टाचणी सोमवारी आली. पाट्या वाचत नाही, माझ्या चुका काढत नाही. आज हेडसरांच्या हुकमानं सगळ्यांना पुस्तकातल्या 'माझे घर' या विषयावर पाच ओळी लिहायला दिल्या. ती कोरा कागद घेऊन माझ्या टेबलापाशी आली आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं तिनं विचारलं, की खरं लिहायचं की बरोबर लिहायचं.

मी म्हणाले, बरोबर लिही. तिनं मान हलवली आणि जागेवर जाऊन लिहायला बसली.

एवढं वाचूनही लोभ उरला, तर असू दे.
तुझी शेंडेफळ