बाबांना ऐकू येणारा फ्रिज

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला गेला, की अजून त्यांच्याकडेच मुक्कामाला आहे? इकडे आम्ही सगळे जिवंत आहोत. याहून ठाम असं आज काही सांगवत नाही, कारण मला बसलेला धक्का अजून ओसरलेला नाही. हे फोनवरच सांगितलं असतं, पण फोन बाबांच्या उशाशी असतो आणि आता त्यांना ऐकू येतं.

गेल्या महिन्यात तू मला चांगलं झापलंस. बाबा तुझ्याशी फोनवर तासभर बोलतात आणि आमच्याशी "बरं"च्या पलीकडे शब्द नाही, म्हणजे आम्हीच त्यांना दुखावलं असणार, असं म्हणालीस. फार लागलं ते. बाबांना विचारलं, काही चुकलं का आमचं? तर म्हणाले, "बरं." त्यातच आमच्या वाचनालयात विद्युतचुंबकीय लहरींवर व्याख्यान झालं. घरातल्या एकूण एक उपकरणातून म्हणे या लहरी निघतात, आणि त्यांनी झोप उडते, डोकं दुखतं, छाती धडधडते, विसरायला होतं आणि माणूस अबोल होतो. पहिली चार लक्षणं माझी (तुझी भावजय म्हणते, ती लग्नाच्या वेळीही होती) आणि पाचवं बाबांचं! माझ्या पायाखालची जमीनच सरकली. घरी येऊन व्याख्यानाचं पत्रक बाबांपुढे ठेवलं. त्यांनी ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, उठून स्वयंपाकघरात गेले आणि म्हणाले, "हा फ्रिज गुणगुणतो. महिनाभर ऐकतोय. मला वाटलं, वयामुळे होत असेल."

आता बाबा म्हणजे तीस वर्षं वजनमाप निरीक्षक. त्यांनी खोटा ठरवलेला तराजू कुणी खरा ठरवल्याचं ऐकिवात नाही. परीक्षाही त्यांनीच ठरवली. ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, मी फ्रिज दहा वेळा चालू-बंद केला आणि त्यांनी दहाही वेळा बरोबर बोट वर केलं! तुझ्या भावजयीच्या हातातलं झाकण पडलं. मग त्यांनी खडू मागितला आणि घरभर फिरून रेघा मारल्या. ट्यूबलाईट घूं करते, संगणक चरचरतो, आणि माझ्या उशामागे, जिथे विजेचा मीटर आहे, तिथे तर "भुंग्यांचं पोळं" (भुंगे पोळं करत नाहीत, हे सांगायची कुणाची टाप नव्हती). तुझी भाची म्हणाली, आधी आजोबांचं कानातलं यंत्र दाखवून आणा. मी तिलाच गप्प केलं.

फ्रिज बंद झाला. दिवे बंद झाले. दूध रोज नासू लागलं. छापखान्यातली प्रुफं मी घरी मेणबत्तीवर तपासली, तर एका प्राचार्यांच्या चरित्रात त्यांचं निधन जन्माच्या आधी छापून गेलं. पण ताई, आठ दिवसांत माझं डोकं दुखायचं थांबलं, झोप लागायला लागली! बाबा मात्र अबोलच. खडू घेऊन हिंडायचे, आणि "जेवलात का?" म्हटलं की "बरं".

परवा यंत्राचा सेल संपला म्हणून त्यांना घेऊन कानयंत्रवाल्या बाईंकडे गेलो. त्यांनी यंत्र हातात घेतलं आणि विचारलं, "हे टेलिफोनच्या खटक्यावर का ठेवलंय?" मागचा सेल बाबांनी स्वतः बदलला, तेव्हा तो खटका सरकला होता. त्या खटक्यावर म्हणे फक्त फोनमधला आवाज येतो, आणि जवळच्या विजेच्या उपकरणांची घरघर. मी विचारलं, "आणि माणसं?" त्या म्हणाल्या, "माणसं नाही." घरगुती लहरींनी कुणाला अपाय झाल्याचं धड सिद्ध झालेलं नाही, असंही त्यांनी समजावलं, पण माझं लक्ष नव्हतं. दीड महिना, ताई! दीड महिना आम्ही माणसं त्या घरात ओठ हलवत होतो आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. येणार कसं? जेवलात का, गोळी घेतली का, झोपा आता. तिन्हींना "बरं" चालतं. ते घड्याळ बघून उत्तर देत होते. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेणाऱ्या मला लाज वाटली.

बाईंनी खटका सरकवला. बाबांचं पहिलं वाक्य मला उद्देशून होतं: "एवढा ओरडतोस कशाला?"

भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. फ्रिज पुन्हा चालू केला, तरी माझं डोकं दुखलं नाही. तुझ्या भावजयीचा निष्कर्ष असा, की दूध नासल्यामुळे माझे दिवसाचे बारा चहा बंद झाले होते. निष्कर्ष मला अमान्य आहे. चहा मात्र दोनवरच आहे.

आणखी एक. काल संध्याकाळी बाबा फोनपाशी बसले होते. मी हाक मारली, वळले नाहीत. खटका पुन्हा टेलिफोनवर! मी तो सरकवून विचारलं, तर म्हणाले, "मीच केला. तिचा फोन यायची वेळ झालीय. तुमच्यात बसलं की सगळं ऐकू येतं रे, पण माझ्याशी कुणी बोलत नसतं."

तर पत्राचं खरं कारण हे. उद्यापासून दुपारी दोनला मी छापखान्यातून बाबांना फोन करणार आहे. दोन वेळा नंबर फिरवून पाहिला आणि वाजायच्या आत ठेवला. तू त्यांच्याशी तासभर काय बोलतेस, तेवढं उलटटपाली लिहून पाठव.