मार्गासनीचा तांबडा ठिपका

अण्णा, तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली. जनावरांच्या दवाखान्यात तुम्ही मलमपट्टी करणारे ड्रेसर होतात, वेल्ह्याकडचे गोठे पायी पालथे घालायचात. सुट्टीत मीही मागं मागं. लाळ्या-खुरकुताच्या साथीत एकदा मी एका गोठ्यातून निघून धावत दुसऱ्यात शिरत होते, तर तुम्ही बखोट धरून मला मागं ओढलंत. "पाय धू आधी. हितली घाण तिकडं तूच नेतीयस." सोड्याच्या पाण्यात पाय बुडवून मी रडत उभी आहे आणि तुम्ही माझ्याकडे बघतही नाही आहात.

आता मी पुण्यात कॉम्प्युटरवर साथीचं गणित मांडते. कुठल्या गावात किती जनावरं, त्यातली आजारी किती, बाजाराला कुठून कुठं जातात, चावऱ्या माश्या कधी वाढतात, हे सगळं घातलं की रोग पुढं कुठं पोचेल ते नकाशावर तांबड्या ठिपक्यांनी दिसतं. गेल्या पावसाळ्यात लंपी आली. सारोळ्याचा ठिपका आधी उमटला, मग तिथं गुरांच्या अंगावर गाठी उठल्या. नकाशावर त्यानंतर कामथडीची पाळी होती, आणि तिथून दोन-तीन आठवड्यांनी मार्गासनीची. मामांचं गाव.

त्या रविवारी मी मामांकडे गेले. भर दुपार, पाऊस उघडलेला, गोठ्यात माश्यांची घूं घूं. गाय आठ महिन्यांची गाभण होती, म्हणून लस टोचायची राहिली होती. तिनं माझा हात चाटला. खरखरीत, ऊन जीभ. कातडी कशी तुळतुळीत होती! मला मात्र तिच्या मानेवर गाठी दिसत होत्या, नसलेल्या. माझ्या नकाशावर हे गाव तांबडं होऊन चार दिवस झाले होते.

मामा चहा घेऊन आले. म्हणाले, "उद्या कामथडीचं बैल आणतोय भाताच्या चिखलणीला. हितंच बांधीन, गायीशेजारी."

"तिकडं आजार नाही ना, मामा?"

"न्हाई बा. बैल ठणठणीत हायती."

मी चहा प्यायले. नुसता अंदाज तर आहे, असं स्वतःला सांगितलं. पण खरं ते नव्हतं. त्यांना अडवलं असतं, तर माझं गणित बरोबर होतं की नाही हे कधी कळलंच नसतं.

आठवड्याच्या आत कामथडीत लंपी निघाली. तिथून अठराव्या दिवशी मामांचा फोन आला. गाय गेली होती, वासरू पोटातच. मग म्हणाले, "तुज्या त्या मशीनला आदी कळत न्हाई व्हय गं?"

"नाही, मामा," मी म्हणाले.

हे तुम्हाला लिहितेय, कारण मामा अजून आहेत आणि त्यांना सांगायची हिंमत नाही. कागद घडी घालून ठेवीन, एवढंच. पण एक राहिलं. फोन ठेवल्यावर मी रडले, अण्णा, खूप रडले. त्याच्या आधी मात्र, मामा बोलत असतानाच, मी कॅलेंडर बघून दिवस मोजले होते, आणि ते माझ्या गणिताशी जुळले म्हणून मला आनंद झाला होता.