दोन दोन दिसणारं बाळ

प्रिय बेगायम,

तुझं बाळ अकरा दिवसांचं झालं आणि सख्ख्या थोरल्या बहिणीनं, तुझ्या एजेनं, अजून तोंड दाखवलं नाही, असं नारीनमध्ये सगळे म्हणत असतील. म्हणू देत. लग्नाला चौदा वर्षं होऊन माझा पाळणा रिकामा आणि तुझा वर्षाच्या आत हलला. माझा जळफळाट होतो, बेगायम. तो लपवायचाही आता कंटाळा आलाय.

चौथ्या महिन्यात घोडीची धार काढताना तुला फिट आली, तेव्हा तुझ्या सासूबाई फणकारल्या होत्या, "वांझेची नजर, दुसरं काय!" नजर कसली? तुझं रक्त माझ्याच प्रयोगशाळेत आलं होतं. तू आधीपासून घेतेस त्या फिटच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर! दिवस गेले की बाईचं यकृत काही औषधांचा झपाट्यानं फडशा पाडतं. गोळी तीच, पण अंगी लागत नाही. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या. मीच सासूबाईंना फोनवर सांगितलं, "दुप्पट गोळ्या ती एकी कात आहे तोवरच हं!" आपला शब्दही कसला द्वाड! पोटुशी बाई एकी कात आणि दुप्पट तेही एकी कात. "कळलं गं, एकी कात," म्हणाल्या आणि 'दुप्पट' तेवढं धरून बसल्या.

चार दिवसांपूर्वी तुझ्या नवऱ्याचा, तालंतचा फोन आला. हसत होता. "एजे, तुमच्या बहिणीला बाळ दोन दोन दिसतंय! चालताना झोकांड्याही जातात. बाळंतपणाचा शीण असेल, नाही?" मला तत्क्षणी कळलं, गोळ्या अजून दुप्पटच चालल्यात. बाळंतपणानंतर यकृत पूर्वपदावर येतं, तेव्हा गोळ्या उतरवायच्या असतात. नाहीतर तेच औषध अंगावर उलटतं. आणि मी म्हणाले, "हो, शीणच." फोन ठेवताना मनात आलं, हिला दोन दोन आणि मला एकही नाही.

दोन दिवस मी गप्प बसले. परवा सकाळी तुझ्या डॉक्टरांना गाठलं, गोळ्या कमी झाल्या, ते तुला माहीत आहे. काल तू फोनवर रडत म्हणालीस, "एजे, तू होतीस म्हणून वाचले गं." म्हणून हे पत्र. चाळिसाव्या दिवसाच्या झबल्यासाठी चाळीस घरांतून कापडाचे तुकडे मागतात. माझ्याकडे कुणी मागितला नाही. माझ्या लग्नातल्या पांढऱ्या रुमालाचा एक तुकडा सोबत ठेवलाय. हे वाचून तो झबल्याला जोडायचा की चुलीत घालायचा, ते तू ठरव.

अजून म्हणवत असेल तर, तुझीच एजे,
उपेल